प्रागच्या चौकातलं भिंतीवरचं पंचांग

डिसेंबर उजाडला की हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी चेक देशाच्या राजधानीत, प्रागला पोचलेलं असतंच. नाताळचा बाजार, दिव्यांच्या माळा, दालचिनी लावलेला तो गरम गोल पाव, आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास एक व्हिडिओ. शेकडो माणसं मोबाइल उंच धरून एका बुरुजावरच्या जुन्या घड्याळासमोर उभी आहेत. हाडांचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, दोन झरोके उघडतात, त्यातून बारा पुतळे डोकावत पुढे सरकतात, सोनेरी कोंबडा आरवतो, टोले पडतात. मिनिटभरही नाही. आणि व्हिडिओच्या शेवटी मागून आवाज येतो, "एवढंच?"

मागे एकदा डिसेंबरातच मी बाबांना घेऊन तिथे उभी होते. माझे बाबा म्हणजे कॅलेंडरचं पान उलटून मागची बारीक अक्षरं आधी वाचणारा माणूस. तिथी कधी संपते, चंद्रोदय किती वाजता, हे त्यांना चहाच्या आधी कळलेलं असतं. पुतळ्यांचा खेळ संपला, गर्दी पांगली, मी म्हटलं चला. ते माकडटोपी सारखी करत तबकडीकडेच बघत राहिले. वीसेक मिनिटांनी म्हणाले, "अगं, हे घड्याळ कुठलं, हे पंचांग आहे!"

ते बरोबर होते. आणि एकदा ही किल्ली हाती आली की पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखी किचकट दिसणारी ती तबकडी मराठी माणसाला फारशी अवघड जात नाही.

आधी, बघायचं कुठे?

हा प्रागच्या जुन्या गावातला मुख्य चौक. इथलं नगरभवन १३३८ सालचं. त्याच्या बुरुजाच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर हे घड्याळ आहे. समोरच्या बाजूला टीन चर्चचे दोन टोकदार मनोरे, आणि मध्ये यान हुसचं भलंमोठं स्मारक. हा धर्मसुधारक १४१५ मध्ये जिवंत जाळला गेला, स्मारक बरोबर पाचशे वर्षांनी उभं राहिलं. नगरभवनाच्या पायथ्याशी फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रूस बसवलेले दिसतील. २१ जून १६२१ रोजी सम्राटाविरुद्धच्या बंडातल्या २७ जणांना इथे देहदंड दिला गेला. लोक या क्रुसांवर पाय देऊन सेल्फी काढतात, बहुतेकांना माहीत नसतं.

घड्याळाचे तीन मजले आहेत. वर पुतळ्यांचे झरोके. खाली बारा महिन्यांची चित्रं असलेली गोल दिनदर्शिका, वर्षाचा प्रत्येक दिवस आणि त्या दिवसाचा संत तिच्या कडेवर लिहिलेला. ती रोज एक घर पुढे सरकते. मधली तबकडी सगळ्यात जुनी, १४१० ची. गर्दी वरचा मजला बघून जाते. खरा माल मधल्या मजल्यावर आहे.

चेक लोक या घड्याळाला 'ओर्लोय' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक 'होरा' आहे, म्हणजे तास, वेळ. आपल्या ज्योतिषातली 'होरा' तीच. वराहमिहिरानं 'अहोरात्र' शब्दाची पुढची-मागची अक्षरं गाळून होरा झाल्याचं एक मत नोंदवलं आहे. ती व्युत्पत्ती गोड आहे, पण शब्द ग्रीकच.

तबकडी म्हणजे पसरून ठेवलेलं आकाश

आपलं नेहमीचं घड्याळ आकाशाबद्दल काही सांगत नाही. दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन त्याला सारखेच. ओर्लोयची तबकडी मात्र रंगवलेलं आकाशच आहे. मधोमध छोटं निळं वर्तुळ म्हणजे पृथ्वी, आणि तिच्या मध्यावर प्राग. वरचा मोठा निळा भाग म्हणजे क्षितिजाच्या वरचं, दिवसाचं आकाश. खाली काळं वर्तुळ म्हणजे रात्र. दोन्हींच्या मध्ये नारिंगी-तांबूस पट्टा आहे, तो संधिप्रकाशाचा. डावीकडे पहाट आणि सूर्योदय, उजवीकडे सूर्यास्त आणि तिन्हीसांजा, असं लॅटिनमध्ये लिहिलेलंही आहे.

या आकाशावरून एका दांड्यावर बसवलेला सोनेरी सूर्य फिरतो. तो निळ्यात असेल तर बाहेर दिवस, तांबड्यात असेल तर उजाडतंय किंवा मावळतंय, काळ्यात असेल तर रात्र. घड्याळ वाचता न येणाऱ्या लहान पोरालाही एवढं कळतं.

दुसऱ्या दांड्यावर चंद्र आहे. अर्धा रुपेरी, अर्धा काळा असा गोळा. तो स्वतःभोवतीही हळूहळू वळतो, आणि आपल्याकडे रुपेरी बाजू किती आली त्यावरून कला कळते. यातली गंमत अशी की त्याला वळवणारी कळ बाहेर कुठेच नाही. गोळ्याच्या पोटात एक वजन आहे. दांडा फिरत असताना ते वजन खालच्याच दिशेला लोंबकळत राहतं आणि आतलं चाक प्रत्येक फेरीला थोडं पुढे ढकलतं. पौर्णिमेला अख्खा गोळा रुपेरी, अमावास्येला काळा. बाबांनी आधी चंद्र पाहिला, मग खिशातल्या पॉकेट कॅलेंडरात तिथी पाहिली, मग पुन्हा चंद्र पाहिला.

एक सोनेरी हात, तीन वेळा

सूर्याच्या दांड्याच्या टोकाला एक छोटा सोनेरी हात आहे. मिनिटकाटा नाही. पण हा एकटा दांडा एका वेळी तीन वेगवेगळ्या वेळा सांगतो, आणि तिथेच बहुतेक जण हात टेकतात.

पहिली वेळ रोमन आकड्यांवर. हे आकडे एक ते बारा असे दोनदा लिहिलेत, म्हणजे २४ तासांची तबकडी. वरचे बारा दुपारचे, खालचे मध्यरात्रीचे. ही आपल्या ओळखीची वेळ.

दुसरी वेळ सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्यावर. तिथे जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत, १ ते २४. त्यातला चारचा आकडा गाठ मारलेल्या दोरीसारखा आहे. आपला ४ उलटा धरावा तसा. आकडे भारतातूनच अरबांमार्फत तिकडे पोचले, तेव्हा नवल नाही. ही जुनी चेक वेळ. तिच्यात दिवस सूर्यास्ताला संपतो. सूर्य मावळला की २४ वाजले, तिथून पुन्हा मोजणी सुरू. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा सूर्यास्ताला, एवढाच फरक. आता सूर्यास्त रोज बदलतो, म्हणून हे कडं स्थिर नाही. ते वर्षभर पुढे-मागे सरकत राहतं, जेणेकरून त्याचा २४ चा आकडा त्या दिवशीच्या सूर्यास्तावर यावा.

ही पद्धत वेडगळ वाटते, पण रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळाचा विचार करा. बाजाराला आलेल्या माणसाला 'किती वाजले' यापेक्षा 'अंधार पडायला किती वेळ आहे' हे कळायला हवं. हात २१ वर असेल तर तीन तास आहेत. २४ मधून वजा करायचं, झालं.

तिसरी वेळ निळ्या भागात आडव्या-तिरप्या सोनेरी वक्र रेषांवर. या रेषा दिवसाचे बारा भाग करतात. सूर्योदय ते सूर्यास्त, मग तो दिवस केवढाही असो, भाग बाराच. यांना असमान तास म्हणतात, कारण त्यांची लांबी रोज बदलते. हे ऐकून परदेशी पाहुणे चक्रावतात, आपण चक्रावायचं कारण नाही. राहुकाळ हेच तर करतो. सूर्योदय ते सूर्यास्त दिवसाचे आठ भाग करायचे आणि वारानुसार त्यातला एक टाळायचा. 'सोमवारी साडेसात ते नऊ' हे अनेकांना पाठ असतं, पण ते गणित सहाला उगवून सहाला मावळणाऱ्या सूर्याचं. खरा राहुकाळ रोज आणि गावागणिक थोडा सरकतो.

प्रागमध्ये हे 'थोडं' राहत नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत सगळ्यात लहान दिवस अकरा तासांच्या आसपास आणि मोठा सव्वातेराच्या. प्राग उत्तरेला ५० अंशांवर. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, जूनमध्ये सोळाच्याही वर. म्हणजे असमान तास हिवाळ्यात ४० मिनिटांचा, उन्हाळ्यात ८० मिनिटांच्या पुढे.

एक उदाहरण करून बघू. डिसेंबरच्या मध्यावर प्रागमध्ये सूर्य आठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो. दुपारी दोन वाजता हात रोमन दोनवर असेल. बाहेरच्या कड्यावर तो २२ दाखवेल, म्हणजे मावळायला दोन तास. आणि वक्र रेषांवर दिवसाचे बारापैकी नऊ भाग सरलेले असतील. क्षण एकच, मोजायच्या पट्ट्या तीन.

राशींचं वर्तुळ मधोमध का नाही?

सूर्य-चंद्रांच्या दांड्यांखाली बारा राशींची चिन्हं असलेलं एक कडं आहे, आणि ते तबकडीच्या केंद्रापासून एका बाजूला सरकलेलं दिसतं. पुष्कळांना वाटतं, वाकडं बसवलंय.

दिवाळीत गोल आकाशकंदील टांगतो तो डोळ्यांपुढे आणा. समजा त्याच्या कागदावर एक तिरकी गोल पट्टी चिकटवली आणि बल्ब अगदी वरच्या टोकाला लावला. पट्टीची सावली जमिनीवर पडेल. सावली गोलच असेल, पण कंदिलाच्या बरोबर खाली न पडता एका बाजूला सरकलेली असेल, कारण पट्टीचा बल्बजवळचा भाग लांब फेकला जातो आणि दूरचा जवळ पडतो. घड्याळाच्या कर्त्यांनी नेमकं हेच केलं. आकाशाचा गोल घेतला, त्याच्या उत्तर ध्रुवावर बल्ब आहे असं मानलं, आणि सूर्याच्या वार्षिक मार्गाची सावली सपाट तबकडीवर उतरवली. भास्कराचार्यांच्या वाचकांना हा मार्ग क्रांतिवृत्त म्हणून माहीत आहे.

या सरकवण्याचा फायदा लगेच दिसतो. सूर्य या कड्यावरच राहतो, त्यामुळे तो दांड्यावर वर्षभर वर-खाली सरकतो. जूनमध्ये केंद्रापासून दूर. मग निळ्या आकाशातून त्याचा फेरा लांबलचक आणि दुपारी तो खूप उंच. डिसेंबरात तो केंद्राजवळ, आणि निळ्यातली वाट आखूड. दिवस लहान-मोठा होणं वेगळं दाखवावंच लागत नाही, ते भूमितीतून आपोआप बाहेर पडतं. मला या घड्याळातलं सगळ्यात देखणं काही वाटत असेल तर हे. पुतळे नंतर.

पोटातली तीन चाकं

सूर्य, चंद्र आणि राशिचक्र तिघं वेगवेगळ्या गतीनं फिरायला हवेत. त्यासाठी आत एकाच अक्षावर तीन मोठी चाकं होती. पहिल्याला ३६५ दाते, दुसऱ्याला ३६६, तिसऱ्याला ३७९. तिघांना एकाच मापाचं छोटं चाक ढकलतं, म्हणजे दात्यांची गती तिघांची एकच.

देवळाभोवती तीन जण प्रदक्षिणा घालताहेत असं समजा. पावलं एका तालात पडतात, पण आतल्याची वाट ३६५ पावलांची, मधल्याची ३६६, बाहेरच्याची ३७९. मधला म्हणजे सूर्य, त्याची एक फेरी म्हणजे २४ तास. तो फेरी पुरी करतो तेव्हा आतला, म्हणजे राशिचक्र, एक पाऊल पुढच्या फेरीत गेलेला असतो. त्याची फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची. ताऱ्यांना आकाशात पुन्हा त्याच जागी यायला इतकाच वेळ लागतो. वर्षभरात सूर्याच्या ३६५ फेऱ्या होतात आणि राशींच्या ३६६. रोज एकेक पाऊल साठून वर्षाला बरोबर एक फेरी जास्त. १४१० मध्ये लोखंडाच्या दात्यांत हे बसवलं होतं.

चंद्र १३ पावलं मागे राहतो, म्हणून तो रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो. पण इथे हिशोब थोडा चुकतो. ३७९ ला १३ नं भागलं तर अमावास्या ते अमावास्या २९.१५ दिवस येतात, आणि खरा चांद्रमास आहे साधारण २९.५३ दिवसांचा. दर महिन्याला नऊएक तासांची तफावत. त्यामुळे चंद्राचा दांडा अधूनमधून हातानं जागेवर आणण्यावाचून इलाज नव्हता. हसू नका, आपणही चांद्रवर्ष आणि सौरवर्ष जुळवायला अधिक महिना घालतोच.

"पण आपल्या राशींशी हे जुळत नाही!"

बाबांचा पहिला आक्षेप हाच होता. ओर्लोयवर सूर्य २१-२२ डिसेंबरला मकर राशीत जातो. आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला. कुणाचं चुकलं?

कुणाचंच नाही. युरोपातली पद्धत राशींची सुरुवात वसंतसंपातापासून धरते, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा बिंदू. याला सायन पद्धत म्हणतात. आपली पंचांगं ताऱ्यांच्या संदर्भानं धरतात, ती निरयन. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे तो बिंदू ताऱ्यांमधून साधारण ७२ वर्षांत एक अंश सरकतो. आजवर हा फरक जवळपास २४ अंशांचा झालाय, म्हणून दोन संक्रांतींत तीन-साडेतीन आठवडे. खरं उत्तरायण मात्र डिसेंबरातच सुरू होतं. ओर्लोयवर सूर्य तेव्हा केंद्राच्या सगळ्यात जवळ येऊन पुन्हा बाहेर सरकू लागतो.

"पृथ्वी मधोमध? मग हे सगळं चूकच की"

शाळेत विज्ञान शिकलेला प्रत्येक जण हे विचारतो. घड्याळ घडलं तेव्हा कोपर्निकस जन्मालाही आला नव्हता. तो १४७३ चा, आणि त्याचा ग्रंथ १५४३ चा. तेव्हा कर्त्यांचा समज पृथ्वी केंद्रस्थानी असल्याचाच होता, हे खरं.

पण तबकडी त्या समजावर अवलंबून नाही. चौकात उभ्या असलेल्या माणसाला सूर्य कुठे दिसतो, एवढंच ती सांगते, आणि ते आजही बरोबर आहे. आपण 'सूर्य उगवला' म्हणतो, 'पृथ्वी वळली' म्हणत नाही. आगगाडीच्या वेळापत्रकात 'पुणे आलं' असतंच, पुणे काही हललेलं नसतं.

याच चौकातल्या टीन चर्चमध्ये टायको ब्राहे पुरलेला आहे. दुर्बिणीच्या आधीचा सगळ्यात काटेकोर निरीक्षक, १६०१ मध्ये प्रागलाच वारला. त्याच्या मंगळाच्या नोंदी वापरून केप्लरनं प्रागमध्येच ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा शोधल्या. जुनी विश्वरचना ज्या घड्याळावर टांगलेली आहे, तिला सुरुंग लावण्याचं बरंचसं काम त्याच शहरात झालं. घड्याळ त्यानंतरही चालत राहिलं, कारण सूर्य दिसायचा तिथेच दिसत होता.

"घड्याळजीचे डोळे काढले होते म्हणे?"

गाइड हे फार रंगवून सांगतात. हानुश नावाच्या घड्याळजीनं हे घडवलं, दुसऱ्या शहराला असं घड्याळ मिळू नये म्हणून नगरसेवकांनी तापलेल्या सळईनं त्याचे डोळे फोडले, मग त्यानं चाचपडत जाऊन यंत्रात हात घातला आणि ते बंद पाडलं. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आठवली ना? तशीच ही, आणि तेवढीच निराधार.

१४१० च्या कागदात घडवणाऱ्याचं नाव स्पष्ट आहे. कादान्य गावचा मिकुलाश. गणिताची बाजू प्रागच्या विद्यापीठातला यान शिंडेल यानं सांभाळली असं मानतात. हानुश नंतरचा, १४९० च्या सुमाराला घड्याळावर काम करणारा. सोळाव्या शतकात घड्याळाचं वर्णन लिहिणाऱ्यानं श्रेय चुकून त्याला दिलं, आणि ही चूक १९६० च्या दशकात दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांनी गिरवली.

"सगळं १४१० चंच आहे का?"

नाही. खालची दिनदर्शिका नंतरची, तिच्यावरची महिन्यांची चित्रं योसेफ मानेस या चित्रकारानं १८६६ मध्ये केली, आणि भिंतीवर आज आहे ती नक्कल. झरोक्यांतून डोकावणारे बारा प्रेषितांचे, म्हणजे येशूच्या शिष्यांचे, पुतळेही बऱ्याच नंतरचे. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, जर्मन तोफांच्या माऱ्यात नगरभवन पेटलं. लाकडी पुतळे जळाले, यंत्र तापून वाकलं. घड्याळ पुन्हा सुरू व्हायला १९४८ उजाडलं, आणि आजचे पुतळे त्या वेळी नव्यानं कोरलेले. नगरभवनाची जळालेली बाजू पुन्हा बांधलीच नाही, म्हणून बुरुजाशेजारी आज मोकळी हिरवळ दिसते. शेवटची मोठी दुरुस्ती २०१८ ची.

चौकात आणखी एक घड्याळ आहे, जमिनीवर

हुसच्या स्मारकाजवळ फरसबंदीत एक धातूची पट्टी आहे. हिच्यावरून एके काळी प्रागची वेळ ठरत असे, असं तिच्यावर लिहिलंय. १६५० मध्ये इथे मेरीमातेचा स्तंभ उभा राहिला, त्याची सावली या रेषेवर आली की दुपारचे बारा. स्तंभ १९१८ मध्ये जमावानं पाडला, २०२० मध्ये पुन्हा उभारला.

सावलीवरून बारा ठरायचे त्या काळी प्रत्येक शहराची वेळ आपापल्या सूर्याची असायची. आता मध्य युरोप १५ अंश रेखांशाची वेळ पाळतो, प्राग १४ अंश २५ मिनिटांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर प्रागच्या सूर्याचा आणि सरकारी वेळेचा फरक सरासरी सव्वादोन मिनिटांचा निघतो. फुकटात जुळलेली वेळ. मुंबईला हे नशीब नव्हतं. भारतीय प्रमाणवेळ मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे, आणि ती १९०६ मध्ये लागू झाल्यावरही शहराच्या काही भागांनी 'बाँबे टाइम' पार १९५५ पर्यंत सोडला नाही.

त्या दिवशी आम्ही पुतळ्यांचा खेळ पुन्हा पाहिला नाही. चारला पाच-सात मिनिटं कमी असताना मात्र परत तबकडीसमोर येऊन उभे राहिलो. आभाळ मेणचट, खरा सूर्य दुपारपासूनच दिसत नव्हता. सोनेरी सूर्य मात्र उजवीकडे निळ्याच्या काठाला टेकला होता, आणि बाहेरच्या कड्यावर हात २४ च्या आकड्यावर येत होता. बाजारातले दिवे लागले. बाबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं.

"संपला दिवस," ते म्हणाले. "चहा कुठे मिळतो बघ आता."